शस्त्रबंदीचे कायदे आणि कुपवाडचं शिपिंग बिल : या कामात उतरणाऱ्यांसाठी

कुपवाड, मिरज, पलूस, सातारा, शिरवळ या औद्योगिक पट्ट्यांतून कास्टिंग, फोर्जिंग, पंप, व्हॉल्व आणि मशीनचे सुटे भाग परदेशी जातात. सांगलीची हळद आणि बेदाणाही जातो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने एखाद्या सशस्त्र गटावर घातलेली बंदी शेवटी या मालाचं शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद) आणि इतर कागदपत्रं करणाऱ्याच्या टेबलावर येते, हे इथे फार थोड्यांना ठाऊक असतं. बँकेतला ट्रेड फायनान्सचा माणूस, कस्टम्स ब्रोकरकडचा डॉक्युमेंटेशनवाला आणि कारखान्यातला एक्स्पोर्ट असिस्टंट यांच्या हातून ती पाळली जाते, आणि मोडते तीही यांच्याच हातून. एलएल.बी. किंवा बी.कॉम. करून या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. हे काम अवघड नाही, पण वरवर केलं तर त्याची किंमत कुठल्या तरी दूरच्या गावातली माणसं जिवाने मोजतात.

सुरुवात कायद्याच्या साखळीपासून करा. सुरक्षा परिषदेचा ठराव कुपवाडच्या कारखानदाराला थेट बांधत नाही. सनदेच्या कलम ४१ खाली परिषद निर्बंध घालते आणि कलम २५ मुळे ते सदस्य राष्ट्रांना बंधनकारक होतात. राष्ट्राने ते आपल्या कायद्यात उतरवले की मग नागरिक बांधला जातो. भारतात यासाठी संयुक्त राष्ट्र (सुरक्षा परिषद) कायदा, १९४७ आहे. जेमतेम दोन कलमांचा. त्यातल्या कलम २ खाली केंद्र सरकार राजपत्रात आदेश काढतं. दहशतवादविरोधी ठरावांच्या अंमलबजावणीचा २००७ चा आदेश असाच निघाला, आणि त्याच्या परिशिष्टातल्या संघटना यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत एका नोंदीने सामावल्या गेल्या. त्यामुळे परीक्षेत किंवा नोकरीत ‘हे कशाखाली बंद आहे?’ असं विचारलं तर नुसता ठरावाचा क्रमांक सांगून भागत नाही. भारतातला आदेश आणि कलम सांगावं लागतं.

मालासाठी साखळी वेगळी आहे, आणि ती पाठच असायला हवी. परकीय व्यापार (विकास व नियमन) कायदा, १९९२ च्या कलम ३(२) खाली सरकार आयात-निर्यातीवर बंदी किंवा नियंत्रण घालतं. कलम ३(३) म्हणतं की असा माल सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ११ खाली बंदी असलेला माल मानला जाईल. एवढ्या एका दुव्यामुळे न्हावा शेव्याच्या कस्टम्स अधिकाऱ्याला कलम ११३ खाली कंटेनर जप्त करता येतो आणि ११४ खाली दंड लावता येतो. १९९२ च्या कायद्यातला दंड वेगळा : किमान दहा हजार रुपये आणि जास्तीत जास्त मालाच्या किमतीच्या पाचपट. शस्त्रं आणि दारूगोळा असेल तर त्यावर शस्त्र कायदा, १९५९ चा परवाना. महासंहारक शस्त्रांविषयीचा २००५ चा कायदा दहशतवादी आणि बिगर-सरकारी गटांकडे जाणारं हस्तांतरण रोखतो, दलालीलाही हात घालतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीने त्यात कलम १२अ येऊन वित्तपुरवठाही बंद झाला. परकीय व्यापार धोरण २०२३ चं दुसरं प्रकरण मुद्दाम सावकाश वाचा. आयसिस, अल-नुसरा आणि अल-कायदाशी जोडलेल्या गटांशी व्यापार करायला तिथे बंदी आहे. सोमालियातून लाकडी कोळसा आणायलाही बंदी आहे, कारण त्या कोळशाच्या पैशावर तिथल्या अल-शबाब या सशस्त्र गटाची बंदूक चालते.

ठराव वाचताना नवखे एक चूक हमखास करतात : जुन्या नोट्सवर विसंबतात. बंदी देशावर आहे की गटावर, हे दर वेळी तपासायचं. सोमालियावर १९९२ पासून शस्त्रबंदी होती. १ डिसेंबर २०२३ रोजी ठराव २७१४ ने सरकारवरची बंदी उठवली आणि २७१३ ने अल-शबाबवरचे निर्बंध स्वतंत्र केले. आज कुणी ‘सोमालिया म्हणजे सरसकट शस्त्रबंदी’ असं लिहिलं तर ते चुकीचं आहे. येमेनमध्ये २०१५ च्या ठराव २२१६ ने शस्त्रबंदी आली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ठराव २६२४ ने हूथी हा गट म्हणूनच तिच्या कक्षेत आला. तालिबान आणि अल-कायदा १९९९ च्या ठराव १२६७ खाली एकत्र होते. २०११ मध्ये १९८८ आणि १९८९ या दोन ठरावांनी त्यांची फारकत झाली, आणि डिसेंबर २०१५ मध्ये २२५३ ने आयसिसचं नाव अल-कायदाच्या यादीला जोडलं. हा क्रम डोक्यात बसला की संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध यादीतल्या क्रमांकांचा अर्थ लागतो. क्यूडी म्हणजे आयसिस-अल-कायदा यादी, टीए म्हणजे तालिबान. पुढे ‘आय’ असेल तर व्यक्ती, ‘ई’ असेल तर संस्था. लष्कर-ए-तैयबा क्यूडीई.११८, जैश-ए-मोहम्मद क्यूडीई.०१९.

आता प्रत्यक्ष तपासणी, म्हणजे स्क्रीनिंग. फक्त खरेदीदाराचं नाव टाकून ‘नो मॅच’चा शिक्का मारणं ही सगळ्यात जास्त आढळणारी आणि सगळ्यात घातक सवय. खरेदीदार, कन्साइनी (ज्याच्या नावे माल पाठवला तो), नोटिफाय पार्टी (माल पोचल्याचं ज्याला कळवायचं तो), प्रत्यक्ष वापरणारा, मधला एजंट, कंपनीचे मालक आणि संचालक, परदेशी बँक आणि जहाज, एवढे सगळे तपासायचे. जहाज नावाने तपासू नका, नाव बदलता येतं. सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांक जहाजाच्या आयुष्यभर तोच राहतो. तपासणी तीन वेळा करायची : चौकशी आली तेव्हा, ऑर्डर पक्की करताना आणि माल भरायच्या आधी. मधल्या दोन-तीन महिन्यांत यादी बदललेली असू शकते.

टोपणनावांचा रकाना सोडू नका. जमात-उद-दावा हे नाव डिसेंबर २००८ मध्ये लष्कर-ए-तैयबाचं दुसरं नाव म्हणून यादीत आलं आणि फलाह-ए-इन्सानियत २०१२ मध्ये. मूळ नोंदीचं शीर्षक तेवढं पाहणाऱ्याला यातलं काही सापडणार नाही. अरबी आणि उर्दू नावं रोमन लिपीत पाच-सहा प्रकारे लिहिली जातात, म्हणून तंतोतंत शोध कधीच पुरेसा नसतो. सॉफ्टवेअरमध्ये जुळणीची टक्केवारी ठरवावी लागते. साधारण ८० ते ८५ च्या आसपास ठेवली तर काम आवाक्यात राहतं. ९५ ठेवली तर खरी नावं निसटतात, आणि ७० ठेवली तर इतका गाळ येतो की माणूस न वाचताच ‘क्लिअर’ दाबू लागतो.

नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नव्हे. जन्मतारीख, जन्मस्थान, वडिलांचं नाव, पासपोर्ट क्रमांक, मूळ लिपीतलं नाव हे पडताळल्याशिवाय कुणावरही शेरा मारायचा नाही. यादीतली बरीच नावं अगदी सर्वसाधारण मुस्लिम नावं आहेत, आणि तीच नावं मिरजेत शेकडो घरांत सापडतील. नामसाधर्म्यावरून एखाद्या व्यापाऱ्याचं खातं अडलं तर त्याचा हंगाम बुडतो. पडताळणीचा एकेक मुद्दा फाइलवर लिहून मगच निर्णय द्या. खरी जुळणी निघाली तर व्यवहार थांबवायचा, ग्राहकाला सुगावा लागू द्यायचा नाही आणि कळवायचं. यूएपीएच्या कलम ५१अ ची कार्यपद्धती गृह मंत्रालयाच्या २ फेब्रुवारी २०२१ च्या आदेशात दिली आहे. बँकेने २४ तासांच्या आत केंद्रीय नोडल अधिकाऱ्याला कळवायचं आणि राज्याच्या नोडल अधिकाऱ्याला प्रत द्यायची. आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे संशयास्पद व्यवहाराचा अहवाल वेगळा जातो. चुकून गोठवल्या गेलेल्या माणसाने दाद कशी मागायची, तेही याच आदेशात आहे. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ते जरूर वाचावं, आणि त्याला जोडून यादीत टाकलेल्या कादी नावाच्या माणसाने लढवलेल्या खटल्याचा युरोपीय न्यायालयाचा सप्टेंबर २००८ चा निकालही. कारण न सांगता, बाजू न ऐकता यादीत टाकणं मूलभूत हक्कांत बसत नाही, असं त्या निकालाने ठणकावलं. पुढे २००९ मध्ये ठराव १९०४ ने नाव काढण्याच्या अर्जांसाठी लोकपालाचं पद निर्माण झालं.

डॉलरमध्ये पैसे येणार असतील तर ओफॅक, म्हणजे अमेरिकेच्या अर्थखात्याच्या निर्बंध कार्यालयाची यादीही पाहावी लागते. तिचा पन्नास टक्क्यांचा नियम नवख्याला चकवतो : यादीतल्या व्यक्तींची मिळून ५० टक्के किंवा जास्त मालकी असलेली कंपनी यादीत नाव नसतानाही गोठवलेली धरली जाते. म्हणून मालकीचा तक्ता मागून घ्यायचा. ब्रिटनचा २०१८ चा निर्बंध कायदाही मालकी आणि ताबा दोन्ही पाहतो.

इथपर्यंत झालं ते नावांचं. आमच्या मते खरी मेख मालात आहे, आणि आपल्याकडे तिकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. सशस्त्र गट आपल्या नावाने खरेदी करत नाहीत. कॉन्फ्लिक्ट आर्मामेंट रिसर्च या संस्थेने २०१६ मध्ये आयसिसच्या बॉम्बमधल्या सातशेहून अधिक सुट्या घटकांचा माग काढला. २० देशांतल्या ५१ कंपन्यांचा माल त्या साखळीत सापडला आणि त्यांत सात भारतीय कंपन्या होत्या. डिटोनेटर, डिटोनेटिंग कॉर्ड आणि सेफ्टी फ्यूज भारतातून रीतसर परवान्याने तुर्कस्तान आणि लेबनॉनला गेले होते. कागद स्वच्छ होते आणि खरेदीदारही यादीत नव्हते. माल खाणीच्या किंवा बांधकामाच्या साखळीतून पुढे निसटला. स्फोटकांचा परवाना देणाऱ्या नागपूरच्या पेसोचे नियम पाळूनही हे घडू शकतं, हे ध्यानात ठेवून शेवटच्या वापरकर्त्याची चौकशी करायची असते.

मालासाठी स्कोमेट यादी शिका, म्हणजे ज्यांच्या निर्यातीवर सरकारचं नियंत्रण आहे अशा खास वस्तू आणि तंत्रज्ञानाची भारताची यादी. ० ते ८ अशा तिच्या श्रेणी आहेत. श्रेणी ६ म्हणजे युद्धसामग्री, तिचा परवाना संरक्षण उत्पादन विभाग देतो. श्रेणी ० अणुऊर्जा विभागाकडे, बाकीचं बहुतांश डीजीएफटीकडे, म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाकडे. श्रेणी ८ भारत डिसेंबर २०१७ मध्ये वासेनार व्यवस्थेत (शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या मालाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या गटात) सामील झाला त्या सुमारास आली. एचएस कोड (कस्टम्ससाठी मालाच्या वर्गीकरणाचा आकडा) पाहून स्कोमेट ठरत नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहून टेबलावर लावा. ठरतं ते तांत्रिक गुणांवर : धातू कोणता, आतलं अस्तर कशाचं, अचूकता किती मायक्रॉन, दाब किती. गंजरोधक धातूंच्या किंवा अस्तरांच्या काही पंप-व्हॉल्वना परवाना लागतो, पाण्याच्या साध्या पंपाला नाही. दोन्हींचा फोटो सारखाच दिसेल. म्हणून ड्रॉइंग घेऊन शॉप फ्लोअरवर जा, डिझाइनच्या इंजिनिअरसोबत बसा आणि एकेक निकष ताडून पाहा. परदेशी ग्राहकाला ईमेलने पाठवलेलं नियंत्रित वस्तूचं ड्रॉइंगही निर्यातच असते. फोर्जिंगच्या कारखान्यात ‘नुसता कच्चा भाग आहे, मशिनिंग झालेलं नाही’ असं उत्तर मिळेल. भाग बंदुकीचाच म्हणून ओळखता येत असेल तर त्या उत्तरावर थांबू नका. ड्रोनसाठी २०२३ पासून सर्वसाधारण परवान्याची सोय आहे, ती २५ किलोमीटरपर्यंतचा पल्ला आणि २५ किलोपर्यंतचं वजन वाहणाऱ्या नागरी वापराच्या ड्रोनपुरती. त्यापलीकडे स्वतंत्र अर्ज.

अर्ज डीजीएफटीच्या पोर्टलवर होतो, पद्धत डीजीएफटीच्याच हँडबुक ऑफ प्रोसीजर्सच्या दहाव्या प्रकरणात आहे, आणि प्रस्ताव आंतर-मंत्रालयीन कार्यगटापुढे जातो. तो अडकतो बहुतेकदा अंतिम वापर प्रमाणपत्रावर. प्रमाणपत्र ट्रेडिंग कंपनीच्या लेटरहेडवर असतं, प्रत्यक्ष वापरणाऱ्याच्या नव्हे. खरेदी ऑर्डरमधली संख्या आणि प्रमाणपत्रातली संख्या जुळत नाही. पत्ता गोदामाचा किंवा फॉरवर्डरचा निघतो. ‘औद्योगिक वापर’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणत्या प्लांटमध्ये, कोणत्या प्रक्रियेसाठी, हे नसतं. अर्ज भरण्याआधीच हे दुरुस्त करून घेतलं तर महिने वाचतात.

ऑर्डरमध्ये संशयाचा वास कशाकशात येतो? बेकरी चालवणारी कंपनी हायड्रॉलिक भाग मागते. ग्राहक बसवून देण्याची सेवा आणि वॉरंटी दोन्ही नाकारतो. पैसे तिसऱ्याच देशातल्या तिसऱ्याच नावाने येतात. बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) काढायच्या आदल्या दिवशी कन्साइनी बदलायला सांगतात. माल दुबईतल्या जबेल अलीच्या मुक्त क्षेत्रात उतरणार आहे, पण पुढे कुठे जाणार हे कुणी सांगत नाही. यातली एक खूण दिसली म्हणून ऑर्डर नाकारायची नसते, प्रश्न विचारायचे असतात. सरळ व्यापारी दोन दिवसांत उत्तर आणि कागद पाठवतो. हळद-बेदाण्याला स्कोमेट लागत नाही, पण व्यवहारातल्या सगळ्या पक्षांची तपासणी त्यालाही लागते.

शिकायचं कुठे? शिवाजी विद्यापीठाशी संलग्न सातारा-सांगलीच्या विधी महाविद्यालयांतला तीन वर्षांचा अभ्यासक्रम पाया म्हणून पुरतो. हा विषय मात्र स्वतःच वाचावा लागतो, आणि आधी मूळ कायदे, मग हँडबुक, मग ठराव या क्रमाने. बँकेत जायचं असेल तर आयआयबीएफ या बँकिंग संस्थेची एएमएल-केवायसी (काळा पैसा रोखणं आणि ग्राहकाची ओळख पटवणं) परीक्षा द्या. पुढे फक्त निर्बंधांवर काम करायचं ठरलं तर अकॅम्स या आंतरराष्ट्रीय संस्थेचं सीजीएसएस, म्हणजे निर्बंध-तज्ज्ञाचं प्रमाणपत्र. कस्टम्स ब्रोकर व्हायचं तर २०१८ च्या नियमावलीतली परवाना परीक्षा. नोकऱ्या मुख्यतः पुणे-मुंबईत आहेत. पण इथल्या मध्यम कारखान्यांना बाहेरून सल्ला देणारा जाणकार माणूस हवा असतो आणि तो मिळत नाही, हेही खरं.

सरावासाठी ओळखीच्या कारखान्याची मागच्या दहा निर्यातींची कागदपत्रं परवानगीने मागा. प्रत्येकीचे सगळे पक्ष एका तक्त्यात मांडा, संयुक्त राष्ट्रांची एकत्रित यादी उतरवून घेऊन हाताने तपासा, मालाचे तांत्रिक गुण स्कोमेटशी ताडा आणि प्रत्येक निर्णयाखाली कारण, यादीची तारीख आणि तुमची सही लिहा. कागद निदान पाच वर्षं जपून ठेवायचे. चौकशीला येणारा अधिकारी आधी तारीख पाहतो : माल गेला त्या दिवशी तुमच्याकडची यादी कितव्या तारखेची होती.