रुग्णालयातला पगार करार: सही करण्याआधी या चुका टाळा

कामगार संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात कराराची बोलणी सुरू झाली की वॉर्डात एकच प्रश्न फिरतो, "किती वाढले?" व्यवस्थापनालाही तेच हवं असतं. आकड्यावर टाळ्या पडतात आणि तो आकडा पगाराच्या कोणत्या रकान्यात बसवलाय, हे पाहायचं राहून जातं.

समजा 2,000 रुपये वाढ मिळाली. ती बेसिकमध्ये आली तर 20 वर्षं नोकरी झालेल्या सिस्टरच्या ग्रॅच्युइटीत (नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेत) 2,000 × 15 ÷ 26 × 20, म्हणजे सुमारे 23,077 रुपयांची भर पडते. 'इतर भत्ता' म्हणून आली तर बहुधा काहीच नाही. नव्या वेतन संहितेनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या 50 टक्क्यांपुढे गेले, तर वरचा भाग वेतनात धरला जातो. पण भत्ते नेमके त्या रेषेच्या आत बसवले, की या नियमाचा उपयोग संपला. पीएफचंही तसंच. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 24,000 असतील तर पूर्ण रकमेवर 12 टक्के म्हणजे 2,880 रुपये, आणि 15,000 च्या मर्यादेवर 1,800. महिन्याला 1,080 चा हा फरक मसुद्यातल्या एका ओळीवर ठरतो. ती ओळ नसेल तर व्यवस्थापन कमी आकडा धरणार, हे गृहीत धरा.

मामा-मावशींच्या (वॉर्डबॉय आणि आयांच्या) बाबतीत वाढ अंगावरही येते. ईएसआयची (राज्य कामगार विमा योजनेची) वेतनमर्यादा महिना 21,000 आहे. करारामुळे पगार 20,500 चा 21,500 झाला, तर चालू अंशदान काळ (वर्गणीची सहामाही) संपेपर्यंत, म्हणजे 30 सप्टेंबर किंवा 31 मार्चपर्यंत, वर्गणी कापली जाते, आणि तिच्यावरचे उपचार त्यापुढच्या ठरावीक लाभकाळापर्यंतच मिळतात. त्यानंतर संपूर्ण कुटुंबाचे उपचार खिशातून. अशा प्रत्येकासाठी त्याच करारात मेडिक्लेमचं कलम हवं, आणि पॉलिसी ईएसआयचा लाभ थांबण्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली पाहिजे.

ड्युटीची भाषा

"कामाचा ताण कमी करण्याचा प्रयत्न केला जाईल" हे वाक्य मसुद्यात दिसलं की खोडा. त्यावर कोणतंही न्यायालय काही देऊ शकत नाही. भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण जनरल वॉर्डात शिकाऊ रुग्णालयासाठी तीन रुग्णांमागे एक नर्स आणि इतरत्र पाचांमागे एक असं आहे. तेवढं लगेच मिळणार नाही, पण मागणीपत्रात आधार म्हणून तेच द्या. करारात वॉर्डाचं नाव, पाळी, किमान संख्या, कमी पडल्याची नोंद कुठल्या रजिस्टरवर आणि कोणाच्या सहीने, आणि डबल ड्युटीचे पैसे कोणत्या दराने, एवढं तरी यायलाच हवं. ओव्हर देण्याची (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवण्याची) 20 मिनिटं हजेरीत धरली जात नसतील तर 26 दिवसांची 520 मिनिटं होतात. आठ तासांच्या एका पाळीपेक्षा जास्त वेळ फुकट जातो.

पगाराच्या मुद्द्यावर खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगाराबद्दलच्या जगदीशप्रसाद समितीच्या 2016 च्या शिफारशी हाताशी ठेवा: 200 पेक्षा जास्त खाटा असतील तर नर्सला सरकारी पगाराइतका पगार, 100 ते 200 खाटांना फार तर 10 टक्के कमी. त्या बंधनकारक नाहीत. "कायदाच आहे" असं म्हटलंत, तर समोरचा वकील पहिल्याच बैठकीत तुम्हाला उघडं पाडेल.

आधी मान्यता, मग बोलणी

औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहे, तरी अनेक मागणीपत्रांत अजून 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याची कलमं उतरवलेली दिसतात. एकापेक्षा जास्त संघटना असतील तर वाटाघाटी करणारी एकमेव संघटना ठरायला मस्टरवरच्या (हजेरीपटावरच्या) 51 टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. संघटनांच्या मान्यतेबद्दलच्या 1971 च्या राज्य कायद्यातल्या 30 टक्क्यांवर समाधान मानू नका. देखरेखीचं काम आणि 18,000 च्या वर पगार असेल तर माणूस 'कामगार' व्याख्येबाहेर जातो. म्हणून सदस्यनोंदणीच्या तोंडावर सिस्टर धडाधड 'इनचार्ज' होऊ लागल्या, तर त्यांची प्रत्यक्ष ड्युटीपत्रकं जपून ठेवा. पदनावापेक्षा काम मोजलं जातं.

पुण्यात आणखी एक अडथळा येतो. इथली बरीच मोठी रुग्णालयं धर्मादाय न्यासांची आहेत, आणि संपूर्णतः वा मुख्यत्वे धर्मादाय सेवा करणाऱ्या संस्था संहितेच्या 'उद्योग' व्याख्येतून वगळल्या आहेत. ही हरकत येणारच. उत्तर भावनेनं देऊ नका, कागदानं द्या: धर्मादाय कार्यालयात दाखल झालेले न्यासाचे हिशोब, बिलांचे दर, आणि निर्धनांसाठीच्या 10 टक्के मोफत व दुर्बल घटकांसाठीच्या 10 टक्के सवलतीच्या खाटा सोडून उरलेला कारभार.

कंत्राटी कामगारांसाठी फक्त ठेकेदाराची सही घेतलीत, तर टेंडर बदलताच करार गेला. रुग्णालयाची सहीही घ्या.

आपसात केलेला करार सही करणाऱ्यांपुरताच बांधील असतो, तर समेट अधिकाऱ्यासमोर (कामगार खात्याच्या मध्यस्थासमोर) झालेला सगळ्या कामगारांना, नंतर लागणाऱ्यांनाही. त्यामुळे सगळं ठरलं असलं तरी शिवाजीनगरच्या कामगार कार्यालयात जाऊन तिथे सह्या करा.

संपाची नोटीस दिल्यापासून 14 दिवसांच्या आत संप करता येत नाही. समेटाची कार्यवाही चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवसही नाही. "संप नको, सगळे सीएल टाकू" हा जुना उपाय आता चालत नाही. निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकाच दिवशी ठरवून टाकलेली किरकोळ रजा संपच धरली जाते. वर मेस्मा (राज्याचा अत्यावश्यक सेवा कायदा) आहेच.

सहीच्या आदल्या दिवशी तीन पगारपत्रकं घ्या: एका मावशीचं, एका पाच वर्षं झालेल्या सिस्टरचं, एका निवृत्तीला आलेल्या टेक्निशियनचं. नव्या करारानुसार तिघांचे बेसिक, पीएफ, ईएसआय, हातात येणारी रक्कम आणि मागच्या तारखेपासूनचा फरक कागदावर मांडा. व्यवस्थापनाच्या अकाउंट्सकडून तेच आकडे लेखी मागवा. जुळले नाहीत तर सही पुढे ढकला. जुळले, तर तोच तक्ता परिशिष्ट म्हणून जोडा आणि त्याच्या प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.