पार्टटाइमच्या पैशात कॉलेज आणि लॅपटॉप: साताऱ्यात शिकायला येणाऱ्यांसाठी तयारीची यादी

आधी लॅपटॉपचा विषय बाजूला ठेवा आणि कागद गोळा करा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर. निकालानंतर सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते, म्हणून निकालाची वाट न पाहता अर्ज टाका. महाडीबीटीवरच्या (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरच्या) शिष्यवृत्तीची रक्कम आधार सीडिंग झालेल्या, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होते आणि पुष्कळ मुलं इथेच अडकतात. खातं उघडताना केवायसीला आधार दिलं म्हणजे सीडिंग झालं असं नाही. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग आहे का’ असंच स्पष्ट विचारा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. ‘आपल्याला कुठलं मिळतंय’ म्हणून अर्जच न भरणारी घरं मला फार खटकतात. अर्ज भरा, पण ती रक्कम महिन्याच्या हिशेबात धरू नका. ती येईल तेव्हा येईल.

प्रवेश झाला की त्याच आठवड्यात कॉलेजच्या ऑफिसात ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी करा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं. काम करून शिकणं ही या गावाची रीत आहे, तेव्हा विचारायला संकोच कसला? ग्रंथालयात किंवा लॅबमध्ये काम मिळालं तर येण्याजाण्याचा वेळ वाचतो आणि परीक्षेच्या दिवसांत समजूनही घेतात. बाहेर मेडिकल दुकान, पेट्रोल पंप, शिकवणी यांत कदाचित जास्त मिळेल. पण तिथे ठरवतानाच ‘परीक्षेत सुट्टी लागेल’ हे बोलून घ्या.

त्यानंतर वही काढा. मेस, रूम, जर्नल, प्रॅक्टिकलचा खर्च, परीक्षा फी. एसटीच्या पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे, त्यासाठी बोनाफाईड लागतं. कोरेगाव, मेढा, रहिमतपूर इथून रोज येता येत असेल तर रूमभाडं आणि पास शेजारी शेजारी मांडून बघा. मग वर्षाच्या बारा महिन्यांसमोर कमाई लिहा, आणि ती सारखी लिहू नका. परीक्षेच्या महिन्यात काम निम्म्यावर येतं, आणि परीक्षा फीही त्याच सुमारास भरायची असते. म्हणूनच लॅपटॉपचा हप्ता बांधून घेऊ नका असं मी आग्रहाने सांगतो. ‘नो कॉस्ट’ म्हणवणाऱ्या हप्त्यातही बहुतेक वेळा प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा १८ टक्के जीएसटी असतो, शिवाय रोखीवर मिळणारी सूट हातची जाते. एक हप्ता चुकला तरी दंड लागतो आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, ते दिसतं. त्याऐवजी पहिल्या पगारापासून जमेल तेवढी आरडी (दरमहा ठरावीक रक्कम भरायची बँकेतली ठेव) लावा आणि पहिलं सेमिस्टर कॉलेजच्या लॅबवर काढा. बहुतेक कोर्सना ते जमतं.

तोवर आपल्याला नक्की काय लागणार हे सीनियरना विचारून ठेवा. बी.ए., बी.कॉम.ला ८ जीबी रॅम आणि एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) पुरते. बीसीए किंवा कॉम्प्युटर सायन्सला पुढे १६ जीबी करता येईल असं मशीन हवं. काही बारीक लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डालाच जोडलेली असते, ती वाढत नाही. गावी घरीच बसून काम करायचं असेल तर तेवढ्याच पैशात डेस्कटॉप जास्त ताकदीचा मिळतो, मात्र लाइट जाते तिथे यूपीएसचा खर्च धरा.

जुना लॅपटॉप घ्यायला काहीच हरकत नाही, पण दुकानात तासभर बसायची तयारी ठेवा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं. त्याहून जुनं मशीन स्वस्तात मिळालं तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आणि ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस ही मोफत सॉफ्टवेअर टाकून चालवायचं, हे मनाशी ठरवूनच घ्या. दुकानदारासमोर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘powercfg /batteryreport’ असं टाइप करून एंटर दाबा. जी फाइल तयार होते तिच्यात बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही दिसतात. आत्ताची निम्म्यावर आली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करायला सांगा. झाकण उघडताना बिजागरीजवळ कर्र आवाज येतो का, तिथलं प्लास्टिक तडकलंय का, बघा. प्रत्येक बटण दाबा, कॅमेरा लावा, दोन्ही बाजूंच्या यूएसबीत पेनड्राइव्ह घाला. बंद करून चालू करताना बायोसचा (विंडोजच्याही आधी येणारा) पासवर्ड मागत असेल तर ते मशीन तिथेच सोडा, कितीही स्वस्त असलं तरी.

बिल पक्कं आणि स्वतःच्या नावाचं घ्या. त्यावर लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि मशीनखालच्या नंबराशी ताडून बघा. दुकानाची वॉरंटी तोंडी नको, किती महिने आणि कशाकशावर हे बिलावरच शिक्क्यासह लिहून मागा. बॅटरी आणि चार्जर त्यात येतात की नाही हे वेगळं विचारा.