फ्लू की साधी सर्दी? आधी वेळ लिहून ठेवा

खोकला, घसादुखी आणि वाहते नाक सर्दी, फ्लू व कोविड या तिन्हींत आढळत असल्याने, लक्षणांच्या यादीपेक्षा दुखणे कसे सुरू झाले हेच अधिक सांगून जाते.

१. पहिले लक्षण जाणवल्याची तारीख आणि वेळ लिहावी. सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळपर्यंत हुडहुडी भरून अंथरुणाला खिळला, तर फ्लूची शंका घ्यावी. साधी सर्दी शिंका आणि घशातील खवखवीपासून एक-दोन दिवसांत हळूहळू वाढते.

२. ताप पॅरासिटामॉल घेण्यापूर्वी मोजावा, नाहीतर आकडा फसवा येतो. ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप आणि सर्वांग ठणकणे हे मोठ्या माणसांच्या साध्या सर्दीत सहसा नसते.

३. ताप मुळीच नाही, पण डोळे व नाक खाजते, तर ॲलर्जीची शक्यता अधिक.

फ्लू आणि कोविड यांत मात्र केवळ लक्षणांवरून घरबसल्या फरक करण्याचा खटाटोप व्यर्थच. तेथे तपासणी करावी. फ्लूवरील विषाणूरोधक औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केल्यास सर्वाधिक उपयोगी पडत असल्याने लिहून ठेवलेली वेळ डॉक्टरांना दाखवावी.

धाप लागल्यास, छातीत दुखल्यास किंवा उतरलेला ताप पुन्हा चढल्यास हा पडताळा करत न बसता तत्काळ डॉक्टरांकडे जावे.