घरापासून मांगरात किंवा गोठ्यात वीज नेताना

कोकणात घर एकीकडे, मांगर (शेतीकामाची वेगळी खोली), गोठा, पंपाची खोली दुसरीकडे. मधली वायर अनेकदा माडाला नाहीतर पोफळीला बांधून नेलेली असते. तसं करू नका. पावसाळी वाऱ्यात झाड हलतं, वायरचं आवरण घासतं आणि ओल आत शिरते.

आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) केबल जमिनीखालून न्या. आयएस १२५५ या भारतीय मानकाप्रमाणे घरगुती व्होल्टेजच्या केबलसाठी खोली साधारण ७५ सेंटीमीटर धरतात. केबलच्या खाली-वर वाळू, वर विटा, मग माती. कातळ लागून तेवढं खणता येत नसेल तर जाड पाइपातून नेऊन वर काँक्रीट घालायला सांगा.

खरी काळजी अर्थिंगची. फेज आणि न्यूट्रलसोबत अर्थची तारही घराच्या बोर्डापासून गोठ्यापर्यंत न्याच. नुसता तिथेच एक रॉड ठोकून भागत नाही. जांभ्याच्या जमिनीत, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, अर्थचा रोध खूप वाढतो. समजा तो २० ओहम भरला, तर फेज पंपाच्या बॉडीला लागली तरी २३० व्होल्टला जेमतेम ११.५ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी (जादा करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) तेवढ्याने पडणारच नाही, आणि पंपाच्या बॉडीत करंट तसाच राहील. गुरं तर उघड्या पायांनी ओल्या जमिनीवरच उभी असतात! म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच, आणि त्याचं टेस्ट बटण अधूनमधून दाबून बघा.

गोठ्यात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडू देऊ नका. दाराजवळ, हात पोचेल असा, वेगळा मेन स्विच बसवा. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.