मानदुखीसाठी ड्राय नीडलिंग करून घेताना

बेळगाव परिसरात मान अवघडली की आधी तेल लावून शेक दिला जातो, मग औषधाच्या दुकानातून गोळी येते आणि त्यानेही भागले नाही तर मान कटकन मोडून देणाऱ्या एखाद्या जाणत्याला बोलावले जाते. या जाणत्याच्या हाती मान देऊ नये, इतकेच आधी सांगतो. अलीकडे फिजिओथेरपिस्ट अशा दुखण्यावर ड्राय नीडलिंग, म्हणजे दुखऱ्या स्नायूत बारीक सुई टोचण्याचा उपचार, सुचवतात. वडगावात यंत्रमागावर वाकून तुटलेला धागा जोडणारा विणकर असो वा निपाणीत विड्या वळणारी बाई, प्रत्येकाची पहिली शंका एकच असते: त्या सुईत औषध कोणते?

औषध नसतेच, म्हणून तर ते ‘ड्राय’. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही मात्र भरीव आणि साधारण 0.25 ते 0.30 मिलिमीटर जाडीची असते. स्नायूत औषध टोचल्यावर मिळणारा आराम बऱ्याच अंशी सुईमुळेच मिळत असावा, असे निरीक्षण चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी 1979 साली प्रसिद्ध केले. सुई ॲक्युपंक्चरचीच असली तरी येथे ती ऊर्जामार्गांच्या कल्पनेवरून नव्हे, तर स्नायूतील दुखरा बिंदू बोटाने शोधून टोचली जाते.

प्रथम दुखणे स्नायूचेच आहे, याची खात्री करून घ्यावी. मान आणि खांदा यांमधील मांस चिमटीत धरल्यावर दोरीसारखा ताठ पट्टा लागत असेल आणि त्यातील एक जागा दाबताच कानामागे किंवा कानशिलापर्यंत तीच ओळखीची कळ जात असेल, तर या उपचाराचा विचार करता येतो. मात्र अपघातानंतर दुखू लागले असेल, सोबत ताप असेल, वजन घटत असेल, सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळत असतील, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरील ताबा सुटला असेल, तर सुईचा विषय बाजूला ठेवून तत्काळ डॉक्टरांकडे जावे.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास, रक्तस्रावाचा आजार किंवा गरोदरपण असल्यास, तसेच स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात सुजत असल्यास ते न विचारताही सांगावे. संमतीपत्र कन्नड किंवा इंग्रजीत असल्यास त्यातील मजकूर मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नये. असे विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. त्या दिवशी संकष्टीचा उपवास असेल तर पुढची वेळ घ्यावी, कारण रिकाम्या पोटी सुई टोचल्यावर घेरी येण्याचा संभव वाढतो. याच कारणासाठी उपचार बसून नव्हे, तर झोपून घेणे बरे.

सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते ना, हे पाहावे. त्वचा पुसून झाल्यावर थेरपिस्ट खांद्यावरील स्नायू चिमटीत उचलतो आणि सुई आत सरकवतो. त्वचेतून जाताना ती जेमतेम कळते. पण नेमक्या बिंदूला लागताच, गळाला मासा लागावा तसा तो पट्टा क्षणभर आपोआप उडतो आणि खोल, बोथट कळ उठते. हे उडणे अपेक्षित असते. कळ सोसवेनाशी झाली तर हात उचलावा किंवा सरळ ‘साकु’ (कन्नडमध्ये ‘पुरे’) म्हणावे; थेरपिस्ट कन्नडभाषक असला तरी हा एक शब्द पुरतो.

स्नायू चिमटीत उचलण्यामागे गंभीर कारण आहे. फुप्फुसाचे टोक गळपट्टीच्या हाडाच्याही वर येते आणि सुई सरळ खाली खोल गेली तर ते छेदले जाऊ शकते. असे क्वचितच घडते, परंतु लक्षणे काही तासांनीही दिसू शकतात. म्हणून जांबोटी-कणकुंबीसारख्या दूरच्या गावांकडे परतणाऱ्या रुग्णांनी लगेच बस न पकडता काही वेळ केंद्रातच थांबावे आणि नंतर केव्हाही धाप लागली, छातीत टोचू लागले किंवा कोरडा खोकला सुरू झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. ऑनलाइन सुया मागवून घरीच प्रयोग करणाऱ्यांना याहून वेगळे काय सांगणार?

पुढचे एक-दोन दिवस मुका मार लागल्यासारखे दुखते, क्वचित छोटा निळसर डाग पडतो. सोसवेल इतका शेक द्यावा, मान सावकाश दोन्ही बाजूंना वळवत राहावी आणि त्या दिवशी पाण्याची घागर वा खताचे पोते उचलू नये. या उपचाराने अल्पकाळ आराम पडतो, असे अभ्यासांत दिसते. दीर्घकाळच्या फायद्याचा पुरावा मात्र तितका भक्कम नाही. तीन-चार वेळा करूनही फरक जाणवत नसेल तर आणखी पैसे भरण्याऐवजी निदान पुन्हा तपासून घ्यावे. दुखणे उतरलेले असते, त्याच दिवसांत शिकवलेले व्यायाम अंगवळणी पाडावेत आणि कामाची बैठकही बदलावी. विड्या वळणाऱ्या बाईने मांडीवरचे सूप उचलून समोरच्या उंच पाटावर ठेवले, तरी मानेचा बाक लगेच कमी होतो.