वारशात आलेली जुनी डिझेल पिकअप: पहिला स्टार्टर मारण्याआधी

आधी कागद. मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांत आरटीओला कळवा आणि ३ महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करा.

वर्षानुवर्षे उभी असलेली गाडी घाईने सुरू केली की पिस्टनच्या चिकटलेल्या रिंगा तुटतात, म्हणून स्टार्टर लगेच मारू नका. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारे प्लग) काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा, एक दिवस मुरू द्या. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या टोकावरच्या चाकाच्या) नटाला पाना लावा आणि इंजिन हाताने फिरवा. अडलं तर जोर नको. पुन्हा तेल, पुन्हा धीर.

इंजिन मोकळं झालं की ऑइल आणि त्याचा फिल्टर बदला. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाकी धुवा, डिझेल फिल्टर नवा टाका. मग डिझेल फिल्टरचा एअर स्क्रू (अडकलेली हवा बाहेर सोडणारा) सैल करून डिझेल पुढे ढकलणारा छोटा हातपंप मारा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. तेव्हाच स्क्रू आवळा.

ब्रेकचे रबरी होज (नळ्या) बाहेरून ठीक दिसले तरी बदलाच. आतून फुगलेला होज ब्रेक ऑइल परत येऊ देत नाही, चाक जाम राहतं. पत्रा आणि रंग सगळ्यात शेवटी.