शेअर्ड होस्टिंग की व्हीपीएस? घाईघाईत होणाऱ्या या चुका टाळा

साइट हळू झाली की सल्ला ठरलेला असतो: शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) सोड आणि व्हीपीएस (मोठ्या मशीनचा स्वतंत्र तुकडा) घे. साइट हळू का झाली, हे मात्र कोणी विचारत नाही. मला या सल्ल्याचा राग येतो, कारण पुढचं निस्तरायला माणसं माझ्याकडेच येतात.

कारण न शोधता सर्व्हर बदलणं

एका ओळखीच्या माणसाचं वर्डप्रेसवर ऑनलाइन दुकान होतं. शेअर्ड होस्टिंगवर गर्दीच्या वेळी ५०८ एरर यायची. क्लाउडलिनक्सच्या (शेअर्ड होस्टिंगसाठी केलेल्या लिनक्सच्या) सर्व्हरवर ही एरर आली की समजावं, एकाच वेळी किती विनंत्या चालू राहू शकतात याची तुमच्या खात्याची मर्यादा भरली. आता ती दोन कारणांनी भरते. एक तर खरोखरच खूप लोक येतात, नाहीतर येणारे मोजकेच असतात पण प्रत्येक पान तयार व्हायला इतका वेळ लागतो की विनंत्या तुंबतात. त्यांच्याकडे दुसरं कारण होतं. सी-पॅनेलमधला (होस्टिंग सांभाळायच्या पानावरचा) वापराचा आलेख उघडून तो भेटींच्या आकड्यांशेजारी ठेवला असता तर लगेच दिसलं असतं. तो न उघडता त्यांनी १ जीबी रॅमचा व्हीपीएस घेतला आणि एका व्हिडिओत बघून रातोरात साइट हलवली.

सुरुवातीला साइट पळाली. मग 'डेटाबेसशी संपर्क होत नाही' असा संदेश यायला लागला. सर्व्हर रीस्टार्ट केला की ठीक, थोड्या वेळाने पुन्हा तेच. लॉग (सर्व्हरची नोंदवही) उघडला तर कारण समोरच होतं: मेमरी संपली की लिनक्स कर्नल (सिस्टमचा गाभा) एखादी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) मारून टाकतो, आणि बळी बहुतेक वेळा सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्याचा जातो. इथे तो मायएसक्यूएलचा, म्हणजे साइटच्या डेटाबेसचा, जात होता. पीएचपीच्या (वर्डप्रेसची पानं तयार करणाऱ्या भाषेच्या) ५० प्रोसेसना परवानगी देणारी सेटिंग कुठूनतरी जशीच्या तशी उचललेली होती. एक प्रोसेस ६० एमबी धरली तरी ३ जीबी होतात. मशीन १ जीबीचं!

आणि साइट मुळात हळू का होती? कधीच काढून टाकलेल्या प्लगइनांनी ऑप्शन्सच्या (सेटिंग्ज साठवण्याच्या) टेबलात आपोआप लोड होणाऱ्या नोंदींचा ढीग मागे ठेवला होता. प्रत्येक पानासाठी तो सगळा उपसला जात होता. वर्डप्रेस ६.६ पासून साइट हेल्थ या तपासणीच्या पानावरच हा भार ८०० केबीच्या वर गेला की इशारा दिसतो, पण तो वाचायलाही सवड नव्हती. नोंदी साफ केल्या, पेज कॅश (तयार पानांची साठवण) लावली, एवढ्यावर साइट जुन्या शेअर्ड होस्टिंगवरही नीट चालली असती.

माझी सवय अशी: आधी आलेख, मग हळू चालणाऱ्या क्वेरी (डेटाबेसकडे केलेल्या मागण्या), मग कॅश. एवढं करूनही मर्यादा भरत असेल तरच व्हीपीएस. सतत चालू राहणारं नोडचं (सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टचं) ॲप, स्वतःचा रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस), पार्श्वभूमीवर रांगेतली कामं करणारे वर्कर असं काही लागत असेल तर मात्र शेअर्डवर ओढाताण करू नका, सरळ व्हीपीएस घ्या. घेतल्यावर रॅममधून सिस्टम आणि डेटाबेसचा वाटा वजा करा, उरलेल्याला एका पीएचपी प्रोसेसच्या आकाराने भागा आणि तोच आकडा सेटिंगमध्ये घाला. थोडी स्वॅपही (डिस्कवरची जादा मेमरी) ठेवा, पण तिला रॅम समजू नका.

व्हीपीएस घेऊन विसरून जाणं

शेअर्ड होस्टिंगमध्ये सर्व्हरचे अपडेट कंपनी करते. साध्या व्हीपीएसवर ते काम तुमचं असतं. सर्व्हर सुरू झाल्यापासून थोड्याच वेळात अनोळखी ठिकाणांहून पासवर्ड लावून बघणं सुरू होतं. म्हणून साइटची एकही फाइल चढवण्याआधी मी एसएसएच की (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायची किल्ली-फाइल) लावतो, पासवर्डने लॉगिन बंद करतो, फायरवॉलमध्ये २२ (एसएसएच), ८० आणि ४४३ (वेब) एवढेच पोर्ट उघडे ठेवतो आणि सुरक्षा अपडेट आपोआप होतील अशी सोय करतो. नुसता एसएसएचचा पोर्ट बदलून निश्चिंत होणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की त्याने फक्त लॉगमधला गोंगाट कमी होतो. आणि कुठल्यातरी साइटवरची इन्स्टॉल स्क्रिप्ट न वाचता रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवणं म्हणजे अनोळखी माणसाला पूर्ण सर्व्हर देणं. नवशिक्यांना ही पाच मिनिटांची बचत फार प्रिय असते.

ऑपरेटिंग सिस्टमलाही मुदत असते. उबुंटू २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२५ मध्ये संपला. सेंटओएस ८ तर २०२९ पर्यंत चालेल या भरवशावर लोकांनी लावलं आणि ते २०२१ च्या अखेरीसच बंद झालं. हे सगळं बघायला तुमच्याकडे माणूस नसेल तर मॅनेज्ड व्हीपीएस (ज्याची देखभाल कंपनी करते) घ्या किंवा शेअर्डवरच थांबा. त्यात काहीही कमीपणा नाही.

बाकीच्या, थोडक्यात

'अनलिमिटेड' वाचून भुलू नका. फाइलींची संख्या, सीपीयू आणि प्रोसेस यांना मर्यादा असतेच, ती अटींमध्ये शोधा.

व्हीपीएसही एका मोठ्या मशीनचा तुकडाच असतो. चालू कामं दाखवणाऱ्या 'टॉप' कमांडमध्ये 'एसटी'चा आकडा सतत चढा दिसला तर सीपीयू शेजारी पळवतायत. सपोर्टला लिहा, नाहीतर जागा बदला.

बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवला तर तो बॅकअप नव्हे. त्याच खात्यातल्या स्नॅपशॉटवरही (सर्व्हरच्या त्या क्षणाच्या प्रतीवर) विसंबू नका, खातं बंद झालं की तेही जातात.

हलवण्याच्या आदल्या दिवशी डीएनएसचा (साइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत, ३०० सेकंदांवर आणा.

आणि ईमेल! शेअर्ड प्लॅन रद्द केला की त्यावरचे मेलबॉक्सही जातात, हे लोकांना रद्द केल्यावर कळतं. मेल सर्व्हर व्हीपीएसवर स्वतः उभारायचा हट्ट करू नका. बऱ्याच कंपन्या मेल पाठवायचा २५ नंबरचा पोर्ट बंदच ठेवतात, आणि उघडा असला तरी नव्या आयपीवरून गेलेली पत्रं स्पॅममध्ये पडतात. मेल वेगळ्या सेवेकडे द्या, जुनी पत्रं आयमॅपने (मेलबॉक्स वाचायची पद्धत) तिकडे उतरवून घ्या, एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे जावी ते सांगणारी डीएनएसची नोंद) बदला, नवीन पत्रं येताना बघा, आणि मगच जुना प्लॅन बंद करा.